बोलण्याआधी खोडलेला आकडा

माझी नणंद बेबी अठ्ठावीस वर्षं आकाशातली विमानं एकमेकांपासून लांब ठेवत होती, आणि स्वतः मात्र आयुष्यात एकदाही विमानात बसली नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, “आचाऱ्याला विचारा, तो आपल्याच हॉटेलात जेवतो का?” आणि हसून विषय संपवायची. खरं कारण मला ठाऊक होतं. आपल्या समोरून, आपल्याच उंचीवर आणखी कोण येतंय हे दुसऱ्याच कुणाला तरी माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे तिला सहन झालं नसतं.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बेबी हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ते पन्नाशीनंतरही तिला चिकटून राहिलं. घरात माणसं सात आणि न्हाणीघर एक. रोज सकाळी दारावर थापा, आतून आरडाओरडा. माझ्या लग्नाला महिना झाला नसेल, एका सकाळी न्हाणीघराच्या दारावर वहीचा कागद चिकटवलेला दिसला. प्रत्येकापुढे त्याची वेळ, आणि दोघांच्या मध्ये चार मिनिटं मोकळी. सासऱ्यांनी कागद वाचून जे म्हटलं ते मी डायरीत लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून थापा थांबल्या.

“ही मधली चार मिनिटं कशाला गं?” मी विचारलं.

“दादा दाढीचं सामान विसरतो आणि परत आत घुसतो, वहिनी. त्याची आहेत ती.”

तेविसाव्या वर्षी तिने विमान नियंत्रणाच्या नोकरीची जाहिरात पाहिली आणि घरात कुणाला न विचारता अर्ज केला. सासरे पाळ्यांमुळे बिथरले. रात्रपाळी करणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार, वगैरे. तिला बघायला दोन जण आले होते. दुसऱ्याने विचारलं, “लग्नानंतर रात्रपाळी सोडाल का?” ती म्हणाली, “तुम्ही घोरणं सोडाल का?” तो म्हणाला, मी घोरत नाही. “ते मला कसं कळणार? मी रात्रपाळीला असणार.” चहा अर्धा टाकून मंडळी उठली. माझ्या यजमानांना इतकं हसू आलं की ते पाहुण्यांना दारापर्यंत पोहोचवायलाही जाऊ शकले नाहीत. पुन्हा कुणी आलं नाही, आणि तिने वाटही पाहिली नाही.

तिचं काम मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. खिडकी नसलेली लांबट खोली, मंद उजेड, जमिनीवर पावलांचा आवाज गिळणारी जाजमं. एकेका रडारसमोर एकेक माणूस, कानाला हेडफोन, आणि शेजारी उतरता लाकडी फळा. फळ्यावर पट्ट्या. प्रत्येक विमानाची जाड कागदाची एक पट्टी, बोटभर रुंद. तिच्यावर विमानाचं नाव, वाट, वेळ आणि उंची. विमानाला उंची बदलायला सांगितली की पट्टीवरचा जुना आकडा खोडायचा आणि नवा लिहायचा. त्या काळी रडारवर विमान म्हणजे नुसता ठिपका. ठिपका किती उंचीवर आहे हे पडद्यावर दिसत नसे, ते पट्टीवर वाचायचं. बेबी बुटकी, म्हणून तिच्या खुर्चीवर दोन उश्या. त्या उश्यांना दुसरं कुणी हात लावत नसे.

खोलीत तिला मास्तरीणबाई म्हणत. नवीन आलेल्यांना शिकवायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिची एक शिकवण सगळ्यांना पाठ होती: आधी हात, मग तोंड. म्हणजे उंची बदलायचं ठरलं की आधी पट्टीवर लिहायचं, मग वैमानिकाला सांगायचं. तिचं म्हणणं, लिहिलेलं राहतं, डोक्यातलं उडून जातं. जुने लोक वैमानिकाचं उत्तर आल्यावर लिहीत, आणि घाईत कधीकधी लिहायचं राहून जाई. बेबीचं कधी राहिलं नाही. तिची पेन्सिल विजेसारखी चाले. चौतीस जण तिच्या हाताखाली तयार झाले, आणि ते कुठेही बदलून गेले तरी लोक त्यांच्या पेन्सिलीवरून ओळखत की हा मास्तरीणबाईंचा.

माझे यजमान गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, तिच्या पाळ्या आणि माझं शिवणकाम. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, बेबी एक्कावन्न वर्षांची होती, तेव्हा ते झालं. मला ते दहा दिवसांनी कळलं, पण जसं घडलं तसं सांगते.

गुरुवार होता, दुपारी पावणेचारचा सुमार. तिच्या ताब्यात अकरा विमानं होती. उत्तरेकडून एक मोठं प्रवासी विमान एकतीस हजार फुटांवरून येत होतं. त्याच वाटेने समोरून दुसरं येत होतं, सत्तावीस हजारांवर. दुसऱ्याचा वैमानिक म्हणाला, इथे फार हादरे बसतायत, एकतीस हजार मिळेल का? बेबीने ठरवलं, पहिल्याला पस्तीसवर चढवायचं, म्हणजे एकतीस मोकळं होईल. तिने पहिल्याच्या पट्टीवरचा एकतीस खोडला आणि पस्तीस लिहिला. हात झाला. आता तोंड. तेवढ्यात शेजारच्या विभागाचा, म्हणजे पलीकडचं आकाश सांभाळणाऱ्यांचा, फोन वाजला. तो टाळता येत नाही. चाळीसएक सेकंद बोलणं झालं. फोन ठेवून तिने फळ्याकडे पाहिलं. पहिलं विमान पस्तीसवर. एकतीस मोकळं. तिने दुसऱ्याला एकतीसवर चढायला सांगितलं. त्याने आभार मानले.

पहिल्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं.

दुसरं विमान एकतीसवर पोहोचलं आणि तिने ते रीतीप्रमाणे पुढच्या विभागाकडे सोपवलं. दोन्ही ठिपके एकमेकांकडे सरकत होते. असे ठिपके दिवसातून पन्नासदा सरकतात. मग पहिल्या विमानाने ठरलेल्या ठिकाणावरून आपली नेहमीची हजेरी दिली: उंची एकतीस हजार. बेबीने पडद्याकडे पाहिलं तेव्हा ठिपके नुकतेच एकमेकांना ओलांडून गेले होते. मध्ये अंतर चार मैलांचं. नियम दहाचा. आणि ते चारसुद्धा एवढ्याचसाठी, की समोर मोठा ढग होता म्हणून दुसऱ्या वैमानिकाने थोड्या वेळापूर्वी वाट सोडून डावीकडून जायची परवानगी मागितली होती. ढग नसता तर दोघं एका रेषेत होते. दोघांमध्ये मिळून तीनशेच्या वर माणसं होती. कुणाला काही दिसलं नाही, कुणाला काही कळलं नाही. बेबी हेडफोनमध्ये “समजलं” एवढंच म्हणाली. पट्टीवरचा पस्तीस खोडून तिने पुन्हा एकतीस लिहिला, आणि पाळी संपेपर्यंत उरलेली विमानं सांभाळली.

माझ्या डायरीत त्या दिवशी आहे: “बेबी सव्वासहाला आली. पडदे धुतले. विशेष काही नाही.”

पुढचे काही दिवस ती जास्तच शहाण्यासारखी वागत होती, हे मात्र मी टिपून ठेवलं होतं. माझ्या चहाला नावं ठेवली नाहीत. शेजारच्या रेडिओबद्दल तक्रार केली नाही. दहाव्या दिवशी, रविवारी, आम्ही वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मी पुढे गेले, ती आली नाही. चादर मध्ये लोंबत राहिली.

“वहिनी, माझ्या हातून एक झालंय,” ती म्हणाली, आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

मी काय म्हटलं ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या मिशनच्या शाळेत दर शुक्रवारी सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून आठवड्यातल्या चुका आपल्या तोंडाने सांगायला लावत, आणि मी त्यात पटाईत होते. पण ते शाईचे डाग आणि चुकवलेली प्रार्थना. त्या रविवारी मी म्हटलं, “कुणाला काही झालं का? नाही ना? मग गप्प बस.”

“काही झालं नाही, ते मी केलं नाही. ढगाने केलं.”

“ढगाचे आभार मान आणि पुढे चल.”

“टेप आहे,” ती म्हणाली. “खोलीतलं सगळं बोलणं टेप होतं. तीस दिवस ठेवतात. कुणी लेखी कळवलं तरच ऐकतात, नाहीतर पुसून पुन्हा वापरतात.”

“म्हणजे अजून वीस दिवस.”

“अजून वीस दिवस,” ती म्हणाली, आणि मग चादरीची घडी पुरी केली.

कळवलं असतं तर काय, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्याच दिवशी खुर्ची जाणार. चौकशी, मग परीक्षा, आणि एक्कावन्नाव्या वर्षी खुर्ची परत मिळालेला कुणी आम्हाला आठवत नव्हता. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, देवधर्म नव्हता. होती ती फक्त खुर्ची. मी डायरीच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहू लागले. अकरा, बारा, तेरा. मला तीस हवा होता.

ती रोज कामावर जात होती. रोज आधी हात, मग तोंड. मी विचारलं तर म्हणे, “बदलायचा प्रयत्न करतेय. पण फार गर्दी असते.” जेवताना मध्येच घास धरून बसे. एकदा म्हणाली, “फळा बघून माझी खात्रीच पटली होती, वहिनी. शंका नव्हती हो. शंका असती तर मी विचारलं असतं.”

बाविसाव्या दिवशी ती घरी आली ती बूट न काढता आत येऊन बसली. रडारच्या खोलीत तिचीच शिकवलेली एक मुलगी होती, तिला सगळे तुफान म्हणत. तुफानच्या ताब्यात त्या दुपारी तेरा विमानं होती आणि बेबी तिच्या मागून चालली होती. तुफानने तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळखलं. एकामागून एक तीन पट्ट्यांवरचे आकडे खोडले, तीन नवे लिहिले, आणि मग एका दमात तिन्ही वैमानिकांना सांगितलं.

“‘बघताय ना मॅडम? तुमच्याच हातची शाळा,’ असं म्हणाली. इतकी खूश होती ती.”

“मग? काही झालं का?”

“त्या वेळी फोन वाजला नाही,” बेबी म्हणाली.

मी पुष्कळ बोलले. तुफानला बाजूला घेऊन समजाव, सगळ्यांना नवीन पद्धत शिकव, स्वतःचं कशाला सांगायला हवं? ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “अठ्ठावीस वर्षं मी सांगितलं हीच पद्धत बरोबर. आता चुकीची आहे म्हटलं तर विचारतील, का? आणि मी काय सांगू, मला स्वप्न पडलं?”

दुसऱ्या दिवशी तिने दोन पानी अहवाल विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. ते तिच्याहून दोन वर्षांनी लहान, भला माणूस. त्यांनी वाचला, दार लावलं, परत वाचला.

“बाई, आज तारीख काय?”

“तेविसावा दिवस, साहेब.”

“मग सात दिवस थांबायला काय झालं होतं? तुमच्यामागे कुणी लागलंय का? वैमानिकाची तक्रार नाही, कुणाच्या बापाला कळणार नाही. घरी न्या हा कागद.”

“टेप पुसली की नुसता माझा शब्द राहील. नुसत्या शब्दावर तुम्ही खोलीची पद्धत बदलणार का?”

त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“मग पोच द्या,” ती म्हणाली. “शिक्का मारून.”

त्याच दिवशी तिच्या खुर्चीवरच्या उश्या कपाटात गेल्या.

टेपमध्ये सगळं होतं. चौकशीला आलेले दोघे अधिकारी दोन दिवस एकेकाच्या मागे उभे राहिले. अकरापैकी नऊ जण आधी लिहीत होते. आठवड्याभरात नवा नियम भिंतीवर लागला: सांगा, उत्तर ऐका, मगच लिहा. नियम बरोबर होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला आपली पेन्सिल पुन्हा धरायला शिकावं लागलं, प्रत्येकाची नव्याने तपासणी झाली, आणि त्या सगळ्याचं खापर बेबीवर फुटलं. तिला कार्यालयात कारकुनी कामाला बसवलं होतं. कँटीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं व्हायचं. “आल्या पुण्यवान,” असं कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. तुफान तर जिन्यात समोर येऊन थांबली.

“आधी शिकवायचं, मग शिक्षा करवायची. दोन्ही तुम्हीच, मॅडम?”

बेबीने बाजूला होऊन तिला वाट दिली. 

चौकशी चार महिने चालली. त्या काळात तिने आपल्या हाताखालून गेलेल्या चौतीस जणांना पत्रं लिहिली. पुष्कळ जण दुसऱ्या शहरांत बदलून गेले होते, तिथे नवा नियम पोहोचायला वेळ लागणार होता. पत्ते मी घातले, माझं अक्षर बरं म्हणून. अकरा उत्तरं आली. बहुतेकांनी आभार मानले होते. एकाने लिहिलं होतं, “मॅडम, मी आजही तुम्ही शिकवलं तसंच करतो. सोळा वर्षांत काही झालेलं नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका.”

ते पत्र तिने माझ्यासमोर टाकलं. “हे बघा. माझंही अठ्ठावीस वर्षांत काही झालं नव्हतं.” तिने त्याला पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा. त्याचं उत्तर आलं नाही.

तिची परत परीक्षा घ्यायचं ठरलं, आणि मला वाटलं आता सगळं सुरळीत होईल. आम्ही जेवणाच्या टेबलावर सराव केला. बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून मी पट्ट्या केल्या. वैमानिक मीच. कागदावर लिहिलेलं वाचायचं, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचा. एका वैमानिकाला मी सर्दी झाल्याचं दाखवलं तर ती म्हणाली, “वहिनी, तो विमान चालवतोय, नाटक नाही.” पेन्सिल तिने टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायची, सांगायचं, माझं उत्तर ऐकायचं, मग उठून पेन्सिल घ्यायची. महिन्याभराने पेन्सिल जवळ आली. दोन महिन्यांनी हातात आली. मी मध्येच डबा वाजवून फोन करायची आणि ती हसायची, पण चुकायची नाही. त्या काळात ती पुन्हा माझ्या चहाला नावं ठेवू लागली होती.

लेखी परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. मग खऱ्या खुर्चीवर एक पूर्ण सकाळ, मागे परीक्षक उभा. उश्या कपाटातून बाहेर आल्या. मी घरी होते, हाताला काम लागेना.

ती दीडच्या सुमाराला आली.

“काय झालं?” मी दारातच विचारलं.

“पास केलं त्यांनी.”

“मग तोंड असं का?”

ती खुर्चीत बसली. पहिला तास छान गेला, म्हणाली. सात-आठ विमानं, सांगायचं, ऐकायचं, लिहायचं. साडेअकराला गर्दी झाली. सोळा विमानं. एकाला खाली आणायचं ठरवलं, आणि तोंड उघडायच्या आत आकडा खोडला गेला होता. नवा लिहिलाही होता. एका सेकंदाने तिने वैमानिकाला सांगितलं, त्याने उत्तर दिलं, सगळं बरोबर होतं. परीक्षकाला दिसलं नाही. मग वीस मिनिटांत आणखी दोनदा.

“तीनदा,” मी म्हटलं. “पण सांगितलंस ना? लगेच सांगितलंस ना?”

“सांगितलं. फोन वाजला नाही म्हणून सांगितलं.”

“मग?”

“मग मी बदली माणूस मागितला. त्याला फळा समजावून दिला, पाच मिनिटं मागे उभी राहिले, आणि विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं की मी खुर्ची घेत नाही.”

मला राग आला. सराव, पुठ्ठे, एवढे महिने. “आणखी चार महिने करू,” मी म्हटलं. “हात काय, लागेल वळण.”

“इथे लागतं. टेबलावर लागतं. गर्दीत हात माझा राहत नाही, वहिनी, आणि ती खोली गर्दीसाठीच आहे. पुढचे चार महिने कुणाच्या जिवावर शिकू?”

“तुझ्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं!” मी ओरडले. त्या रविवारी चादर धरूनही मी वेगळ्या शब्दांत हेच म्हटलं होतं, हे तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने वर पाहिलं नाही. 

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला तिच्या खोलीत हालचाल ऐकू आली. ती आंघोळ करून, कामावर जायचे कपडे घालून, बूट चढवून पलंगाच्या काठावर बसली होती. मी दारात उभी राहिले, आत गेले नाही. सात वाजले, म्हणजे पाळी सुरू होण्याची वेळ झाली. आणखी पंधरा मिनिटं ती तशीच बसली. मग तिने बूट काढले, पलंगाखाली सारले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “वहिनी, बाजारातून काही आणायचंय का?”